कामगार अधिकारी (माळवा)

कामगारांच्या हितावर लक्ष ठेवणारा आणि त्यांचा प्रातिनिधिक संघ (त्यांच्या वतीने बोलण्याचा कायद्याने मान्य हक्क असलेली संघटना) पुढे नसेल तेव्हा औद्योगिक विवादात त्यांची बाजू मांडणारा शासकीय अधिकारी. बोलण्यात ‘लेबर ऑफिसर’. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे (हा कायदा २०२५ पर्यंत लागू होता) ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात नेमला जात असलेला कल्याण अधिकारी निराळा. त्याला पगार मालक देतो. इंदूरच्या गिरण्यांविषयीच्या लिखाणात या दोघांची गल्लत वारंवार आढळते, आणि ती केवळ नावाची नाही.

पदाचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. पहिले व्हिटली आयोगाच्या, म्हणजे भारतातील कामगारांविषयीच्या शाही आयोगाच्या, १९३१ च्या अहवालात. भरतीतील जॉबर-मुकादमांची (कामगार आणणाऱ्या व त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मध्यस्थांची) मनमानी आणि लाच मोडण्यासाठी कारखान्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, अशी आयोगाची शिफारस होती. पण तो अधिकारी व्यवस्थापनाचाच माणूस. कामगारांच्या वतीने बोलणारा सरकारी अधिकारी अवतरतो तो मुंबई इलाख्याच्या १९३४ च्या व्यापार विवाद समझोता अधिनियमात, त्या वर्षीच्या गिरणी संपानंतर. म्हणून दुसरे मूळच अधिक सयुक्तिक वाटते. हे पद पुढे १९३८ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमात कायम राहिले. यांपैकी १९३८ च्या कायद्याने संपावर घातलेल्या बंधनांविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या अग्रभागी होते.

माळव्यात हे पद मुंबईमार्गे आले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने मुंबईचा १९४६ चा कायदा फेरफारांसह स्वीकारला. जुन्या मध्य प्रांतात मात्र नागपूरचा १९४७ चा वेगळा कायदा होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या दोन्हींच्या जागी मध्य प्रदेश औद्योगिक संबंध अधिनियम, १९६० आला. त्यातील ‘प्रातिनिधिक संघ’ ही संज्ञा पाहता त्याचे घराणे नागपूरपेक्षा मुंबईचे मानावे लागते. राजधानी भोपाळला गेली तरी कामगार आयुक्त आणि औद्योगिक न्यायालय इंदूरलाच राहिले, हेही सूचक आहे.

मुंबईच्या कायद्यात कामगारांचे प्रतिनिधी कोण, याची उतरंड आहे. प्रातिनिधिक संघ सर्वांत वर, कामगार अधिकारी अगदी खाली. प्रातिनिधिक संघ उभा असेल तेथे कामगार अधिकारी कामगारांतर्फे उभा राहू शकत नाही. पण संघात नाव नसलेला, रोज गेटवर हजर राहून ‘आज काम नाही’ ऐकून परतणारा बदली कामगार घ्या. त्याच्यासाठी ही शेवटची पायरीच पहिली असते. हा अधिकारी गिरणीत शिरू शकतो, हजेरीपट आणि कागद मागू शकतो, मालकाला सूचना देऊन आवारातच कामगारांची सभा बोलावू शकतो. गेटबाहेर उभ्या पुढाऱ्याला हे शक्य नव्हते.

वकिलांना या क्षेत्रात मज्जाव नसला तरी वाट अरुंद होती. २०२५ पर्यंत लागू असलेल्या केंद्रीय औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३६ नुसार समझोत्याच्या कामात वकील चालत नसे, आणि न्यायाधिकरणापुढे समोरच्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी दोन्ही लागत. संघटनेचा पदाधिकारी असलेला वकील मात्र त्या नात्याने उभा राहू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पारादीप बंदराच्या खटल्यात १९७६ मध्ये ठरवले.

कामगारांची बाजू मांडण्याच्या या क्षेत्रात माजी सैनिकालाही जागा मिळू शकत होती. जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय निघाले ते मजूर खात्यातच. ते खाते तेव्हा आंबेडकरांकडे होते; इंदूरजवळच्या महू छावणीत जन्मलेल्या सुभेदारपुत्राकडे. सेवायोजन कार्यालये आधी सैन्यातून सुटलेल्यांसाठी होती, सर्वांना खुली झाली ती १९४८ च्या सुमारास. पलटणीत शीट रोल (सैनिकाच्या सेवेची नोंद) आणि मस्टर सांभाळलेल्या माणसाला गिरणीचे स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींचे नियम, वाचणे परके नव्हते.

गिरणी बंद पडली की या पदाचा आवाका संपतो. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. देण्यांचा प्रश्न अवसायनात (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत) आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेला. सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. तोवर अनेकांच्या जागी त्यांचे वारसच उरले होते.