पीडीएफची पीपीटी 'करून' मिळत नाही

बडोद्यात दांडिया बाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणी पेन ड्राइव्ह पुढे करतं, "काका, या पीडीएफची पीपीटी करून द्या ना, दोन मिनिटांचं तर काम आहे!" पीपीटी म्हणजे पॉवरपॉइंटच्या स्लाइड. काम खरंच दोन मिनिटांचं असतं. तक्रार दुसऱ्या दिवशी येते.

पीडीएफ काय असते ते सांगत बसत नाही. अ‍ॅडोबीनं १९९३ मध्ये काढली ती कुठल्याही मशीनवर पान तसंच्या तसं दिसावं म्हणून. आकाराचा फरकही उघडच आहे: ए-४ चं उभं पान १६:९ च्या स्लाइडवर पूर्ण बसवलं, तर रुंदीची जेमतेम ४० टक्के जागा व्यापतं, बाकी कोरी. हे दिसतं, म्हणून त्यावर भांडणही होत नाही.

गोंधळ होतो तो न दिसणाऱ्या गोष्टीत. साध्या पीडीएफला परिच्छेद, तक्ता, आलेख यातलं काहीच माहीत नसतं. तिच्यात फक्त हुकूम असतात: हे अक्षर या जागी, ही रेघ इथून तिथे, हा चौकोन हिरवा. परिच्छेद आपण डोळ्यांनी जुळवतो. पीपीटीचं उलट. तिथे टेक्स्ट बॉक्सला आपला मजकूर कुठे वळतो ते कळतं, मास्टर स्लाइडवर, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यावर, फॉन्ट बदलला की सगळीकडे बदलतो, आणि आलेखाच्या पोटात आकड्यांचं अख्खं शीट असतं. पीडीएफची पीपीटी करणारा कन्व्हर्टर प्रोग्रॅम बिचारा नुसत्या जागांवरून अंदाज बांधतो. म्हणून सात ओळींच्या परिच्छेदाचे कधी सात सुटे बॉक्स होतात. दुसऱ्या ओळीत एक शब्द घाला, तो तिसरीवर जाऊन बसतो.

मराठीत तर आणखी फजिती. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण कागदावर त्याच्या आधी. जागेच्या क्रमानं उचललं की 'मिळकत'चं 'िमळकत' होतं. जुन्या, युनिकोडपूर्व (देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक मिळण्याआधीच्या) फॉन्टमधली पीडीएफ असेल तर आत अक्षरंच रोमन असतात, वर नुसता देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट गेला की उरते खिचडी. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे निव्वळ फोटो, तिच्याबद्दल मला विचारूच नका.

मुळात पीपीटीवरूनच केलेली, इंग्रजी मजकुराची पीडीएफ बरी परत येते. अ‍ॅनिमेशन मात्र आधीच गेलेलं असतं. माझं ठाम मत: मूळ फाइल मागा. नसेल आणि नुसतं दाखवायचंच असेल, तर पीडीएफच अ‍ॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल-एल दाबून पूर्ण पडद्यावर लावा. बदल हवे असतील तर स्लाइड नव्यानं करा, चार मुद्दे घ्या, पानभर मजकूर फळ्यावर डकवू नका.

एका मंडळाच्या खजिनदारांना हे पटलं नव्हतं. कन्व्हर्ट केलेल्या हिशेबाच्या आलेखात वर्गणीचा आकडा चुकला होता. राइट-क्लिक केलं, 'एडिट डेटा' सापडेना. सापडणार कुठून, ते नुसते रंगीत चौकोन. शेवटी त्यांनी हिरवा चौकोन माउसनं ओढून उंच केला. वरचा आकडा जुनाच राहिला, आणि सर्वसाधारण सभेत पहिलं बोट त्यावरच गेलं.