लाइनकामाचे प्रशिक्षण (ग्रामीण विदर्भ)

विजेचे खांब, तारा आणि रोहित्रे (गावच्या बोलीत 'डीपी') यांवर काम करणाऱ्या वायरमनला दिले जाणारे कौशल्याचे व सुरक्षेचे शिक्षण. सुरुवात आयटीआयच्या वीजतंत्री किंवा तारतंत्री या २ वर्षांच्या अभ्यासक्रमाने होते. खरा हात बसतो तो जुन्या वायरमनसोबत फिरताना.

पहिला धडा परमिटचा, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करण्याच्या परवानगीचा. ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) लाइनवर चढण्याआधी उपकेंद्राच्या ऑपरेटरकडून ती बंद करून घ्यायची. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. तेवढ्याने तार मेली असे मात्र समजू नये. नळयोजनेचा किंवा लग्नमंडपाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला, तर वीज रोहित्रातून उलटी चढते आणि बंद लाइन पुन्हा जिवंत होते. म्हणून एबी स्विच (लाइन तोडणारा खांबावरचा स्विच) उघडल्यावर तिन्ही पाती सुटली का, हे खाली उभे राहून डोळ्यांनी पाहायचे. गंजलेल्या स्विचचे एखादे पाते अडकून राहते. मग टेस्टर, मग डिस्चार्ज रॉड (तारेतली वीज जमिनीत उतरवणारा दांडा), तोही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. रॉडची वायर आधी जमिनीला, नंतर हूक तारेला. काढताना आधी हूक, शेवटी जमीन. हा क्रम उलटला तर रॉड धरणाऱ्याच्या जिवावर बेततो. शिकाऊ मुलांकडून तो हाताला सवय होईपर्यंत करून घ्यायला हवा.

विदर्भातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात खांब कलतात. चढण्याआधी बुंधा तपासणे इथे फार मोलाचे. रब्बीत हरभरा-गव्हाचे ओलीत अनेकदा रात्रीच्या विजेवर चालते. मध्यरात्री डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो, वायरमनकडे चार-पाच गावे असतात, आणि वावरातला कास्तकार ओल्या पायांनी स्वतःच डीपीकडे जातो. नाहीतर 'झिरो वायरमन'ला उठवतात: ना नेमणूक, ना हातमोजे, ना विमा. सर्वांत बेधडक चढणारा हाच, आणि प्रशिक्षणाच्या यादीत नाव नसलेलाही हाच. या व्यवस्थेतली ही सर्वांत गंभीर उणीव आहे.

४ मार्च हा लाइनमन दिवस. सुरक्षा शिबिरांत विजेला चिकटलेल्या माणसाला हात न लावता आधी पुरवठा तोडणे आणि नंतर छाती दाबून श्वास देणे शिकवतात. हे कास्तकारांनाही शिकवावे, कारण रात्री खांबाखाली सर्वांत आधी पोहोचतो तो शेजारच्या वावरातलाच माणूस.