डिजिटल रुपया आणि सार्वजनिक ब्लॉकचेन : वही कोणाची, वाचणार कोण?

सरकारी पैशाच्या चोरीबद्दल बोलणे निघाले की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : सगळा पैसा ब्लॉकचेनवर आणा, म्हणजे कोणाला हात मारता येणार नाही. (ब्लॉकचेन म्हणजे एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची संगणकीय वही, जिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात.) लगोलग कोणीतरी सांगते की रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया तर आलेलाच आहे, म्हणजे अर्धे काम झाले. या बोलण्यात दोन निराळ्या गोष्टी एक धरल्या जातात. सरकारने काढलेले डिजिटल चलन ही एक गोष्ट आणि कोणालाही उघडून वाचता येणारी सार्वजनिक ब्लॉकचेन ही दुसरी. पहिली असली म्हणून दुसरी आपोआप येत नाही, आणि भ्रष्टाचाराला आळा घालण्याच्या दृष्टीने या दोहोंतला फरकच कळीचा आहे.

आधी डिजिटल रुपया पाहू. २०२२च्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँक अधिनियमातील नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपाचा समावेश झाला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ रोजी बँकांच्या आपसांतील मोठ्या व्यवहारांसाठी आणि १ डिसेंबर २०२२ रोजी सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला. सर्वसामान्यांसाठीच्या पहिल्या चार शहरांत मुंबई होती. मोबाइलवरचे डिजिटल रुपयाचे पाकीट उघडले की त्यात कागदी नोटांच्या आणि नाण्यांच्याच किमतीच्या डिजिटल नोटा असतात, आणि दुकानदाराचा नेहमीचा यूपीआयचा क्यूआर कोड स्कॅन करून त्यातून पैसे देता येतात. समोरच्याला दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात. मात्र यूपीआयमध्ये तुमच्या बँकेतील ठेव दुसऱ्याच्या खात्यात जाते, तर डिजिटल रुपयात खुद्द रिझर्व्ह बँकेने दिलेली नोट हात बदलते. (२ ऑगस्ट २०२१ रोजी आलेले ई-रुपी हे आणखी तिसरेच. नावात साम्य असले तरी ते चलन नव्हे, ठरावीक कामापुरते वापरायचे व्हाउचर आहे.) मार्च २०२५ अखेर चलनात असलेला डिजिटल रुपया सुमारे १,०१६ कोटींचा होता, तर कागदी नोटा ३६ लाख कोटींहून अधिक. आज तरी हा प्रयोगच आहे.

या डिजिटल रुपयाचा हिशेब ज्या वहीत राहतो, ती वही तुम्हाआम्हाला उघडता येत नाही. तिच्यात लिहिण्याचा आणि ती वाचण्याचा अधिकार रिझर्व्ह बँक आणि सहभागी बँका यांच्या कक्षेत आहे. आतले तंत्र वितरित खातेवहीचे (म्हणजे एकच वही अनेक संगणकांवर ठेवण्याचे) असो की नेहमीच्या डेटाबेसचे, नागरिकाच्या दृष्टीने परिणाम सारखाच.

सार्वजनिक ब्लॉकचेनचे तसे नाही. जानेवारी २००९मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइन या बिगरसरकारी डिजिटल चलनाची किंवा त्याच धर्तीवर नंतर आलेल्या इथेरियमची वही जगात कोणालाही, कोणाची परवानगी न घेता वाचता येते. संगणकावर साखळीचे पान उघडले की शून्य आणि एक्सने सुरू होणारा ४२ अक्षरांचा इथेरियमचा पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी खूण, दिसतो, त्याखाली त्या पत्त्यावरून गेलेली आणि त्यावर आलेली प्रत्येक रक्कम वेळेसकट दिसते. नाव मात्र कुठेच नसते. एकदा झालेली नोंद पुसता येत नाही. चूक झाली असेल तर ती सुधारणारी नवी नोंद खाली करावी लागते.

ज्याने गावचे दप्तर पाहिले आहे त्याला ही रीत अनोळखी वाटणार नाही. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, अशीच चालते. प्रत्येक फेरफाराला पुढचा क्रमांक, जुनी नोंद खोडायची नाही, बदल झाला की नवा फेरफार. लिहिणार तलाठी, प्रमाणित करणार मंडळ अधिकारी. मात्र नोंद झाली की तिची प्रत चावडीवर लावावी लागते, संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी मुदत ठेवावी लागते. लिहिण्याचा अधिकार मोजक्यांना आणि वाचण्याचा गावाला, अशी ही वाटणी आहे. लिहिणे कोणाकडे, वाचणे कोणाकडे आणि पुसणे कोणाकडे, हे तीन प्रश्न सुटे केले की ब्लॉकचेनच्या चर्चेतला बराचसा धूर निवळतो. डिजिटल रुपयात लिहिणे आणि वाचणे ही दोन्ही संस्थांकडे आहेत. सार्वजनिक साखळीत नियम पाळणारा कोणीही लिहू शकतो, कोणीही वाचू शकतो आणि कोणालाच पुसता येत नाही. भ्रष्टाचार रोखायला यांपैकी नेमके काय हवे, हे ठरवल्याशिवाय तंत्राचे नाव घेण्यात अर्थ नाही.

समजा, एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत काँक्रीटचा रस्ता झाला. अंदाजपत्रकात लांबी १५० मीटर आणि जाडी १५ सेंटीमीटर. प्रत्यक्षात लांबी भरली, पण जाडी १० सेंटीमीटरच राहिली. शाखा अभियंत्याने मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे एमबी म्हणतात, जाडी १५ लिहिली, वरच्यांनी सह्या केल्या, बिल मंजूर झाले आणि कंत्राटदाराला पैसे मिळाले. हे पैसे डिजिटल रुपयात दिले असते तर कोणाला, कधी, किती गेले याची चोख नोंद राहिली असती. वाटेत कोणी रोख काढून वाटली असती तर तपासयंत्रणेला तिथपर्यंतचा मागही काढता आला असता. हा लाभ खरा आहे. पण तो माग पाहणार कोण? ज्या सरकारच्या खात्याने बिल मंजूर केले, त्याच सरकारच्या यंत्रणेने मनावर घेतले तर. गावातल्या माणसाला आजही दिसत नाही, तेव्हाही दिसणार नाही.

तोच व्यवहार सार्वजनिक साखळीवर झाला तर गावातला शिकलेला मुलगा मोबाइलवर पाहू शकेल की पंचायतीच्या पत्त्यावरून अमुक दिवशी इतकी रक्कम गेली, आणि तीन दिवसांनी त्यातला एक भाग तिसऱ्याच पत्त्यावर वळला. हे दिसणे मोठे आहे. तरीही काँक्रीटची जाडी साखळीला दिसत नाही. तिला दिसते एमबीतला आकडा, आणि तो खोटा असेल तर तो खोटा आकडाच कायमचा पक्का होतो. आपल्याकडच्या चोरीचा मोठा हिस्सा पैसे निघण्याच्या आधी होतो : खोट्या मोजमापात, मस्टरवरच्या बनावट नावांत, ठरवून काढलेल्या निविदांत. चलन कितीही हुशार केले तरी ते या टप्प्यानंतर सुरू होते, ही गोष्ट तंत्राच्या उत्साहात फार सहज विसरली जाते.

नोंद उघडी करण्याची ताकद मात्र कमी लेखू नये. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा संगणकाचा संबंध नव्हता. सरकारी कागदांतल्या नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या आणि ज्यांच्या नावावर पैसे उचलले होते तीच माणसे समोर बसलेली असल्याने खोटेपण जागीच उघडे पडले. त्या चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली. महाराष्ट्राने केंद्राच्या २००५च्या कायद्याआधीच स्वतःचा कायदा केला होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. त्या जनसुनवाईत जे घडले, तेच सार्वजनिक वहीचे खरे काम आहे असे मला वाटते : नोंद करणारा आणि नोंद तपासणारा वेगळा असणे, आणि तपासणाऱ्याला कोणाच्या पाया पडावे न लागणे.

मग सरकारे आपले चलन थेट सार्वजनिक साखळीवर का आणत नाहीत? याचे बरेचसे उत्तर जागतिक अन्न कार्यक्रम या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेच्या अनुभवात सापडते. २०१७च्या जानेवारीत त्यांनी पाकिस्तानातील सिंध प्रांतात मदतीच्या वाटपाची छोटी चाचणी इथेरियमच्या सार्वजनिक साखळीवर घेतली. व्यवहार संथ होते, प्रत्येक व्यवहाराला शुल्क पडत होते आणि मदत घेणाऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न होता. म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्डनमधील अझराक छावणीत सुमारे दहा हजार सीरियन निर्वासितांसाठी हीच योजना राबवताना त्यांनी ती परवानगी असलेल्यांपुरत्या बंद साखळीवर हलवली. छावणीतल्या दुकानात निर्वासित बाई गल्ल्यापाशी डोळ्यांचा स्कॅन देते आणि तिच्या वाट्याची रक्कम वजा होते. बँकेच्या शुल्कातले पैसे यात वाचले. पण वही पुन्हा संस्थेच्या हातात आली, आणि तीही चांगल्या कारणांनी.

त्या कारणांपैकी वेगाचे गणित आपणही करून पाहावे. बिटकॉइनची साखळी सेकंदाला साधारण सात व्यवहार पेलते, म्हणजे वर्षाला सुमारे २२ कोटी. भारतात यूपीआयवर २०२४ या एका वर्षात १७ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. बिटकॉइनचे वर्षभराचे काम यूपीआयने तेव्हाच्या सरासरीने अर्ध्या दिवसात उरकले असते. नव्या साखळ्या कितीतरी वेगवान आहेत, हे खरे. तरी शुल्काचा प्रश्न उरतो, कारण इथेरियमवर शुल्क इथेरियमच्याच चलनात मोजावे लागते. रुपयात भाजी घेताना व्यवहार नोंदवण्यासाठी परके चलन खर्चायचे, हे कोणत्याही मध्यवर्ती बँकेला मान्य होणे कठीण आहे.

खासगीपणाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. सार्वजनिक साखळीवर नाव नसते, पण एखादा पत्ता कोणाचा हे एकदा कळले की त्या माणसाचा मागचापुढचा सगळा हिशेब उघडा पडतो. किराणावाल्याला पैसे देताना तुमचा पत्ता त्याला कळतो. तेवढ्यावर तो तुमचा पगार, तुमचे औषधाचे बिल आणि तुम्ही बहिणीला पाठवलेले पैसे पाहू शकला, तर ती पारदर्शकता चोरापेक्षा गरिबाचाच जास्त घात करेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा अधिकार दिला. ज्या वहीतून काहीच पुसता येत नाही, तिच्याशी या अधिकाराचा सांधा जुळवणे सोपे नाही.

आणि सरकारने एखाद्या चलनाला ब्लॉकचेनचे नाव दिले म्हणून ते स्वच्छ होत नाही. व्हेनेझुएलाने २०१८मध्ये पेट्रो नावाचे सरकारी डिजिटल चलन काढले आणि त्यामागे देशाचे तेल उभे असल्याचे सांगितले. २०२३मध्ये तेलविक्रीच्या पैशांच्या मोठ्या घोटाळ्यात क्रिप्टो व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्याच प्रमुखाला अटक झाली, तेलमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि २०२४च्या जानेवारीत पेट्रो बंद करण्यात आले. देखरेख करणारेच संशयाच्या घेऱ्यात आले, तर साखळीच्या नावाने काय साधणार?

म्हणून माझे मत असे की नागरिकांचे चलन आणि सरकारचा खर्च यांना एकच नियम लावू नये. नागरिकाच्या पाकिटातला रुपया खासगी राहिला पाहिजे. त्यासाठी बंद वही चालेल, किंबहुना तीच बरी, फक्त सरकारने तिच्यात डोकावण्यावर कायद्याची मर्यादा हवी. सरकारी तिजोरीतून निघणाऱ्या पैशाची नोंद मात्र सरकारला परस्पर बदलता येणार नाही अशा ठिकाणी असली पाहिजे. त्यासाठी पैसाच सार्वजनिक साखळीवर न्यायची गरज नाही, नोंदीचा ठसा नेला तरी पुरतो. दस्तऐवजावरून गणिताने काढलेला हा ठसा, ज्याला हॅश म्हणतात, मूळ कागदातले एक अक्षर बदलले तरी बदलतो. त्यामुळे नंतर कोणी कागदात फेरफार केला की तो लगेच उघडकीला येतो, आणि ठशावरून मूळ मजकूर वाचता येत नसल्याने कोणाची खासगी माहितीही बाहेर पडत नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर करण्यात आली. बनावट जातप्रमाणपत्रामुळे खऱ्या आदिवासी मुलाची जागा जाते, म्हणून हा प्रश्न तिथे कागदापुरता नाही. चलनाचा यात काही संबंध नव्हता, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते : सार्वजनिक साखळीचा सरकारी उपयोग पैशाऐवजी दाखल्यापासून सुरू झाला.

दाखल्यासाठी जे झाले ते एमबीच्या पानासाठी करता येईल. मोजमाप लिहिले त्याच दिवशी पानाचा ठसा साखळीवर गेला, बिलाचाही गेला, आणि ग्रामसभेत ते पान वाचून दाखवले, तर मागची तारीख टाकून नवे पान लावण्याचा धंदा बंद होईल. काँक्रीट १५ सेंटीमीटर आहे की १०, हे मात्र रस्त्याला भोक पाडून, आतला तुकडा बाहेर काढून, गावकऱ्यांसमोर पट्टी लावूनच कळेल.