ब्लेड: माणसे बरी करणाऱ्या तळ्यावरचा इलाज

ब्लेडचे तळे युरोपच्या नकाशावर शोधायला गेले, तर बोटाच्या टोकाखाली झाकून जाते. लांबी २,१२० मीटर, रुंदी १,३८० मीटर, सर्वांत खोल जागी सुमारे ३० मीटर पाणी. स्लोव्हेनियाच्या वायव्येला, ज्युलियन आल्प्सच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून ४७५ मीटरवर ते आहे आणि काठाला साधारण पाच हजार वस्तीचे गाव. मध्ये बेट, बेटावर चर्च, कड्यावर किल्ला, हे चित्र अनेकांनी कॅलेंडरवर पाहिलेले असते. त्या चित्रात एक गोष्ट दिसत नाही: या तळ्याला पोसणारी मोठी नदीच नाही. ब्लेडचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका उणिवेपाशी येऊन थांबतो, असे मला वाटते.

हिमयुगात शेजारच्या बोहिन्य खोऱ्याच्या बाजूने उतरलेल्या हिमनदीने इथला खळगा आणखी खोल कोरला. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी ती मागे हटली आणि खळग्यात पाणी साठले. जे कठीण खडक झिजले नाहीत, त्यांतल्या एकावर आज किल्ला आहे आणि दुसऱ्याचा माथा पाण्याबाहेर राहिला, तेच बेट. तळ्यात येणारे पाणी म्हणजे मिश्त्सासारखे लहान ओढे आणि ईशान्य काठालगतचे कोमट झरे. जादा झालेले पाणी येझेर्नित्सा ओढ्याने सावा नदीच्या खोऱ्यात जाते. येणे कमी, म्हणून जाणेही कमी. आत गेलेला मळ आतच राहतो.

लिखित इतिहासात ब्लेड येते ते १००४ साली. जर्मन राजा दुसऱ्या हेन्रीने ही जहागीर ब्रिक्सनच्या बिशपला दिली. किल्ल्याचा पहिला उल्लेख १०११ चा. पुढची जवळपास आठशे वर्षे बिशपांचीच सत्ता होती. या काळात इथे येणारे लोक हवापालटासाठी येत नव्हते, बेटावरच्या मेरीच्या दर्शनाला येत होते. त्यांना पलीकडे नेणारे नावाडी म्लिनो वाडीतले. त्यांची नाव म्हणजे प्लेत्ना: सपाट बुडाची, वर कापडी छत, दोन्ही कडांना समोरासमोर बाकडी. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून दोन्ही हातांनी दोन वल्ही मारतो. बसणाऱ्यांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे पडावे म्हणून कोणी कुठे बसायचे ते तोच सांगतो. बेटावर उतरले की समोर ९९ दगडी पायऱ्या. पर्यटन हा शब्दही नव्हता तेव्हा या गावाने पाहुणे वाहून नेण्याचा धंदा शिकून घेतला होता.

यात्रेच्या गावाचे आरोग्यस्थान केले ते आर्नोल्ड रिक्ली या स्विस गृहस्थाने. तो डॉक्टर नव्हता. घरचा कापडरंगाईचा कारखाना होता. स्वतःच्या आजारपणातून तो निसर्गोपचाराकडे वळला, १८५० च्या दशकात ब्लेडला आला आणि तिथेच उपचारकेंद्र काढून बसला. पाणी चांगले, हवा त्याहून चांगली आणि प्रकाश सर्वांत चांगला, असे त्याचे सूत्र. दुखणेकरी लाकडी झोपड्यांत राहायचे, पहाटे अनवाणी, अंगावर अगदी थोडे कपडे घालून टेकड्या चढायचे, ऊन घ्यायचे, साधे शाकाहारी जेवायचे. गावकऱ्यांना आधी हे विचित्र वाटले असणार; पण उन्हाळा आला की युरोपभरातून माणसे येऊ लागली, खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. रिक्लीचे सगळेच दावे आजच्या वैद्यकाला पटणारे नाहीत. तरी एका जागेची हवा आणि तिथले ऊन हीच तिची दौलत आहे, हे त्याने ओळखले, याबद्दल मला त्याचे मोठेपण वाटते.

१८७० मध्ये रेल्वे जवळच्या लेस्त्सेपर्यंत आली, १९०६ मध्ये दुसरा मार्ग थेट तळ्याच्या पश्चिम टोकापाशी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युगोस्लाव्हियाचे राजघराणे इथे उन्हाळा काढी, नंतर त्या देशाचा कम्युनिस्ट नेता टिटो याचा बंगला उभा राहिला. किल्ल्याखालच्या आणि काठावरच्या पाच वाड्या मिळून १९६० मध्ये ब्लेड अधिकृतपणे शहर झाले. नौकानयनाच्या जागतिक स्पर्धाही १९६६ पासून चार वेळा भरल्या.

या सगळ्या भरभराटीचे सांडपाणी मात्र त्याच बंद तळ्याकडे जात होते. विसाव्या शतकाच्या मध्याला पाण्यावर लालसर सूक्ष्म शेवाळ फोफावू लागले. तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपत चालला. ज्या पाण्याच्या भरवशावर लोक बरे व्हायला येत, तेच आजारी पडले. मग शेजारच्या रादोव्ना नदीचे थंड, प्राणवायूने भरलेले पाणी १९६४ पासून नळाने तळ्यात सोडण्यात आले. तेही पुरेना, तेव्हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तळापर्यंत नळ उतरवला. तो वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वावर, पंपाशिवाय, खालचे सडके पाणी ओढून येझेर्नित्सात सोडतो. जोडीला सांडपाण्याच्या वाहिन्या काठावरून दूर वळवल्या.

तळे पुन्हा पोहण्याजोगे झाले. इंजिनाच्या होड्यांना तिथे आजही मज्जाव आहे. म्लिनोचा नावाडी प्रवाशांना डावी-उजवीकडे बसवून वल्हे मारत बेटाकडे निघतो, आणि त्याच्या नावेखाली रादोव्नाचे पाणी येतच असते, तळचे पाणी नळातून बाहेर पडतच असते.