चौदा महिन्यांचा मोसम: रशियन प्रीमियर लीग २०११-१२ची पार्श्वभूमी

१२ मार्च २०११ रोजी सुरू झालेला रशियन प्रीमियर लीग या फुटबॉल साखळीचा मोसम संपला थेट १३ मे २०१२ला. संघ नेहमीसारखे सोळाच होते, पण प्रत्येकाच्या वाट्याला तीसऐवजी ४४ सामने आले. आधी सगळे संघ एकमेकांशी दोनदा खेळले. मग वरच्या आठांची आणि खालच्या आठांची वेगळी साखळी झाली आणि पहिल्या टप्प्यातले गुण जसेच्या तसे पुढे धरले गेले. हे कुणाला लहर आली म्हणून झालं नव्हतं. वसंतात सुरू होणारा मोसम युरोपसारखा शरदात सुरू होऊन वसंतात संपावा, म्हणून हा एक मोसम असा ताणला गेला. थंडी आणि युरोप या दोघांत कुणाचं ऐकायचं, हा वाद तिथे जुनाच होता.

रशियात फुटबॉल वसंतात सुरू व्हायचं आणि शरदात संपायचं. हिवाळ्यात मैदानं गोठलेली असल्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. सोव्हिएत काळातही वेळापत्रकाशी खेळ झाला होताच. १९३६ साली पहिली साखळी स्पर्धा एकाच वर्षात दोनदा घेतली गेली: वसंतात दिनामो मॉस्को जिंकली, शरदात स्पार्टाक मॉस्को. १९७६मध्ये पुन्हा दोन विजेते झाले, दिनामो मॉस्को आणि टॉर्पेडो मॉस्को. त्या वर्षी दिनामो कीव्हचे मुख्य खेळाडू मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या तयारीत गुंतले होते. तिथे सोव्हिएत संघाला मिळालं ब्राँझ. एवढ्या खटाटोपाच्या मानाने कमीच म्हणायचं.

थंडीचा प्रश्न फक्त खेळाडूंचा नव्हता. २० ऑक्टोबर १९८२ला लुझनिकी स्टेडियमवर स्पार्टाक आणि हॉलंडच्या हार्लेम यांच्यातल्या युएफा कप या युरोपीय स्पर्धेच्या सामन्यात बर्फाळ जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. अधिकृत आकड्यानुसार ६६ जण मेले. वेळापत्रक बदलायचा विषय निघाला की विरोधकांना निसरड्या पायऱ्या आणि रिकामे स्टँड डोळ्यांसमोर दिसायचे ते उगाच नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी होती. युरोपातल्या स्पर्धा शरदात सुरू होऊन वसंतात संपतात. त्यामुळे रशियन संघांचं वर्ष युरोपच्या मोसमाच्या बरोबर मधोमध तुटायचं. याचं सगळ्यात जिव्हारी लागलेलं उदाहरण म्हणजे १९९५चा स्पार्टाक. ब्लॅकबर्न, रोझेनबोर्ग आणि लेगिया वॉर्सा यांच्या गटात त्यांनी चॅम्पियन्स लीगचे सहाच्या सहा सामने जिंकले. मग मोसम संपला, हिवाळा आला आणि संघ फुटला. ओनोप्को स्पेनला गेला, गोलरक्षक चेर्चेसोव ऑस्ट्रियाला, युरान आणि कुल्कोव तर इंग्लंडच्या मिलवॉलला. मार्चमध्ये उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सच्या नांतने उरलेल्या स्पार्टाकला ०-२, २-२ असं घरी पाठवलं. माझ्या मते पुढच्या बदलाची खरी सुरुवात इथे शोधावी, भले कागदावरचा निर्णय पंधरा वर्षांनी झाला असो.

शिवाय एक विचित्र विलंब होता. सेंट पीटर्सबर्गचा झेनिट संघ नोव्हेंबर २०१०मध्ये विजेता ठरला, पण त्या जोरावर चॅम्पियन्स लीगचा पहिला सामना खेळायला सप्टेंबर २०११ उजाडला. खेळाडूंच्या खरेदीविक्रीचा मोठा उन्हाळी काळ यायचा तोही रशियाच्या ऐन मोसमात.

बदलाचं घोडं पुढे दामटलं ते २०१०मध्ये रशियन फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झालेल्या सर्गेई फुर्सेंको यांनी. त्याच डिसेंबरात २०१८चा विश्वचषकही रशियाला मिळाला, आणि युरोपच्या रांगेत बसायची हौस आणखी वाढली.

पैसाही तेव्हा खळखळत होता, पण सगळीकडे नाही. मोसमाच्या तोंडावर कर्जबाजारी सॅटर्न संघ गुंडाळला गेला आणि त्याची जागा अवघ्या तीन वर्षांच्या क्रास्नोदारला मिळाली. इकडे दक्षिण रशियातल्या दागेस्तानचा आंझी मखाचकला संघ सुलेमान केरीमोव या अब्जाधीशाने घेतला. आधी रोबर्टो कार्लोस आला, ऑगस्टमध्ये सॅम्युएल एटो, पुढच्या फेब्रुवारीत प्रशिक्षक गुस हिडिंक. खेळाडू राहायचे आणि सराव करायचे मॉस्कोजवळ, आणि सामन्यापुरते विमानाने ‘घरी’ जायचे. त्याच मोसमात रोबर्टो कार्लोसच्या दिशेने मैदानात केळं फेकलं गेलं आणि तो सामना सोडून चालता झाला. या मोसमाच्या भपक्यामागचं हे वास्तवही नोंदवायलाच हवं.

मैदानावर चुरस मात्र फारशी उरली नाही. लुचानो स्पालेत्ती यांचा झेनिट पहिल्या टप्प्यानंतर पुढे होता आणि काही फेऱ्या शिल्लक असतानाच, एप्रिलअखेर, विजेता ठरला. त्यांचे ८८ गुण, दुसऱ्या स्पार्टाकचे ७५. मॉस्कोच्याच सीएसकेए संघाच्या सेदू दुंबियाने २८ गोल केले. तोम तोम्स्क आणि स्पार्टाक नाल्चिक खालच्या श्रेणीत घसरले.

इतकं करून हिवाळा कुठे हलला? डिसेंबर ते फेब्रुवारी मैदानं तशीच बंद राहिली आणि संघ पूर्वीसारखेच तुर्कस्तान, स्पेनच्या उन्हात सरावाला गेले. पूर्वी ही सुट्टी दोन मोसमांच्या मध्ये यायची, आता एकाच मोसमाच्या पोटात आली, एवढाच फरक. विजेता मे महिन्यात ठरू लागला आणि त्याच शरदात युरोपात उतरू शकायचा, हा लाभ मात्र खरा होता.

तोही २८ फेब्रुवारी २०२२पर्यंत. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर फिफा आणि युएफाने रशियन संघांवर बंदी घातली. युरोपा लीगमध्ये जर्मनीच्या लाइपझिगशी खेळायच्या तयारीत असलेला स्पार्टाक स्पर्धेबाहेर गेला. युरोपचे दरवाजे बंद झाले, पण पुढचा मोसमही जुलैतच सुरू झाला.