‘पूना हॉर्स’मधलं पुणं, आणि हॉर्ससुद्धा

१९७१ च्या युद्धातली बसंतर आणि १९६५ च्या युद्धातली बुटूर डोगरांदी इथल्या लढाया आणि त्यांत मिळालेली दोन परमवीर चक्रं यांबद्दल इथे नव्याने सांगायची गरज नाही. पूना हॉर्स ही भारतीय सैन्याची रणगाडा रेजिमेंट, आणि तिचं नाव घेतलं की लोकांना तेच आठवतं. प्रश्न नावाचा आहे. या रेजिमेंटची भरती पुण्याची नाही, घोडे तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच गेले, तरी ‘पूना’ही राहिलं आणि ‘हॉर्स’ही.

‘पूना’चं उत्तर सोपं आहे. जून १८१७ चा पुणे करार दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात कसा मारला गेला ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कामाचं त्यातलं कलम एकच. पेशव्यांनी युद्धप्रसंगी स्वतःची फौज कंपनीच्या मदतीला पाठवायची, ही जुनी अट काढून टाकली. त्याऐवजी ५,००० स्वार आणि ३,००० पायदळ कंपनीनेच बाळगायचं, आणि खर्चासाठी पेशव्यांनी मुलूख तोडून द्यायचा. या कलमातून १५ जुलै १८१७ रोजी शिरूरच्या छावणीत ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ उभी राहिली. पैसा पेशव्यांच्या मुलखाचा, हुकूम मात्र कंपनीचा. (शिरूरला लोक आजही घोडनदी म्हणतात. ते घोड नदीवरून. रिसाल्याशी, म्हणजे घोडदळाशी, त्याचा संबंध जोडू नये.)

सहा महिनेही झाले नाहीत तोच, ३१ डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास, हा रिसाला शिरूरहून पुण्याकडे निघाला आणि सकाळी कोरेगावला भीमेच्या काठी थेट पेशव्यांच्या फौजेसमोर आला. बरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे सुमारे ५०० शिपाई होते, आणि दोन तोफांवर मद्रासचे २४ गोलंदाज. स्वार अडीचशे ते तीनशे. कोरेगावचं स्मरण आज होतं ते मुख्यतः पायदळातल्या महार शिपायांचं, आणि ते व्हायलाच हवं. पण मृत, जखमी, बेपत्ता मिळून जी २७५ माणसं त्या दिवशी कंपनीने गमावली, त्यांत ९६ या रिसाल्याची होती. त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

खरा गुंता आहे तो ‘हॉर्स’ या शब्दाचा. तो घोड्याबद्दल नाही, पगाराबद्दल आहे.

मराठी वाचकाला हे समजायला सोपं जावं, कारण भेद आपलाच. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येई आणि त्याबद्दल जास्त मोबदला घेई. महाराजांचा भर बारगिरांवर होता, कारण ज्याचा घोडा त्याची मर्जी हे त्यांना पक्कं माहीत होतं. पेशवाईत शिलेदार वाढले. एकच घोडा घेऊन आलेला, कुठल्याच पथकात नसलेला तो एकांडा शिलेदार. तो शब्द आपण अजून राजकारण्यांसाठी वापरतो.

कंपनीने ही पद्धत जशीच्या तशी उचलली आणि नावही ठेवलं, फक्त उच्चार ‘सिल्लादार’ असा केला. स्वाराने घोडा आणायचा, किंवा तेवढी रक्कम रेजिमेंटकडे ठेवायची आणि घोडा घ्यायचा. खोगीर, कपडे, दाणावैरण सगळं त्याच्या पगारातून. दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि एक गवतकाप्या, तोही त्यांच्याच खर्चाने. सरकार द्यायचं बंदूक आणि दारूगोळा. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी रेजिमेंटमध्ये दरमहा कापला जाणारा ‘चंदा’ असे. थोडक्यात, स्वार हा अर्धा नोकर आणि अर्धा भागीदार. घोडा ज्याच्या मालकीचा नाही तो इथेही बारगीरच, फक्त आता तो सरकारचा नव्हे तर दुसऱ्या शिलेदाराचा घोडा चालवी.

अशा शिलेदारी, म्हणजे कागदावर ‘इर्रेग्युलर’, रिसाल्यांना सहसा ‘हॉर्स’ म्हणत. ज्यांचे घोडे सरकारी ते ‘लाइट कॅव्हलरी’. सगळीकडे हा नियम काटेकोर पाळला गेला असं नाही, आणि पुढच्या नामांतरांनी तर पार गोंधळ घातला. पूना ऑक्झिलरी हॉर्सची पूना इर्रेग्युलर हॉर्स झाली, मग चौथी बॉम्बे कॅव्हलरी, आणि १९०३ च्या फेरक्रमांकात ३४ वी प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर्स ओन पूना हॉर्स. सांगायचा मुद्दा, ‘हॉर्स’ या शब्दात दर्जा कमी असल्याची छटा होती. आज तो शब्द ऐटदार वाटतो, तेव्हा तो ‘हे पक्के सरकारी नव्हेत’ असं सांगणारा होता.

आजच्या पूना हॉर्सचा दुसरा पूर्वज हा त्यातला पक्का सरकारी. तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी, १८२० साली उभारलेली, तीही शिरूरलाच. पुढे ती ३३ वी झाली. ८ फेब्रुवारी १८५७ ला इराणात बुशहरजवळच्या खुशाबला (पंजाबातलं खुशाब वेगळं) या घोडदळाने, संगिनी रोखून चौकोनात उभ्या राहिलेल्या पायदळाची फळी, म्हणजे ‘चौकोन’, फोडला. असं क्वचितच घडतं. त्यातल्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. तिथे हाती लागलेल्या निशाणावरचा चांदीचा पंजा रेजिमेंट अजून मिरवते. त्यावर ‘अल्लाहचा हात त्यांच्या हातांवर आहे’ या अर्थाचं वचन आहे आणि १०६६ हा आकडा. तो हिजरी सन आहे, म्हणजे सतराव्या शतकाचा मध्य. पुढच्याच वर्षी हे घोडदळ मध्य भारतात झाशीच्या वेढ्यात होतं. रेजिमेंटच्या गौरवगाथांमध्ये हे वाक्य घाईने उरकलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, ठरावीक जातीच लढायला लायक, हे इंग्रजांचं ‘लढवय्या जाती’चं खूळ आलं आणि दख्खनचा माणूस या रिसाल्यातून मागे पडत गेला. पहिल्या महायुद्धाला निघालेल्या पूना हॉर्समध्ये मुख्यतः राठोड राजपूत, कायमखानी आणि पंजाबी मुसलमान होते. ज्यांच्या घोडेस्वारीने अटक पाहिलं ते घोडदळाला लायक नाहीत, हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी शब्द मात्र आमचाच ठेवला.

त्या युद्धानेच शिलेदारी संपवली. रिसाला १९१४ साली फ्रान्सला उतरला आणि घोड्यांवरून उतरून खंदकांत लढला. कोरेगावला रिसाल्यासोबत असलेल्या लेफ्टनंटचं आडनाव स्वॉन्स्टन होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये न्यूव शापेलजवळ मारल्या गेलेल्या कमांडिंग अधिकाऱ्याचं आडनावही तेच. पण गावातून भाऊबंद आणायचे, चंद्यातून घोडा घ्यायचा, ही व्यवस्था समुद्रापार चालेना. मेलेल्या माणसाची आणि घोड्याची जागा भरून काढणं घरगुती हिशेबाबाहेर गेलं. युद्धानंतर पद्धत बंद झाली, ३९ घोडदळ रेजिमेंट्सच्या २१ केल्या गेल्या, आणि ३३ वी व ३४ वी एकत्र झाल्या. नाव काय ठेवायचं? आधी नुसतं ३३ वी/३४ वी कॅव्हलरी, मग १९२२ मध्ये १७ वी क्वीन व्हिक्टोरियाज ओन पूना हॉर्स. राणीचं नाव सरकारी घोडदळाकडून आलं, बाकी सगळं शिलेदारांचं. शिलेदारी मेली आणि तिचं नाव पक्क्या सरकारी रेजिमेंटला चिकटलं, ते असं.

स्वातंत्र्यानंतर नावातली राणी गेली. त्याहून अवघड होते युद्धसन्मान, म्हणजे रेजिमेंटने निशाणावर मिरवायची लढायांची नावं. एतद्देशीय सत्तांविरुद्ध आणि १८५७ च्या उठावात मिळवलेले सन्मान भारतीय सैन्याने त्याज्य ठरवले. ते निशाणावर मिरवायचे नाहीत, त्यांचा दिवस पाळायचा नाही. कोरेगाव आणि मध्य भारत, दोन्ही त्या यादीत. निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्याने रेजिमेंटची पहिलीच लढाई तिच्या निशाणावरून गेली, आणि त्याच लढाईसाठी गावात दर १ जानेवारीला लाखोंची गर्दी होते. खुशाबला अर्थात ही अडचण आली नाही, तिथे समोर इराणी होते.

बाकी शब्द टिकले. सेंच्युरियन रणगाडा चालवणारा जवान हुद्द्याने सवारच होता, त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार. १९६५ मध्ये पडलेला कमांडिंग अधिकारी, अर्देशीर तारापोर, मूळचा निजामाच्या लान्सर्समधला, पण शिकलेला पुण्यात. १९७१ मधला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट, अरुण खेत्रपाल, जन्मला पुण्यात. भरतीतून गेलेलं पुणं असं अधूनमधून परत येत राहिलं. त्या सेकंड लेफ्टनंटचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. पुण्याहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावर आधी कोरेगाव लागतं, मग शिरूर.