मांजराला घेऊन मुंबईबाहेर बदली: कुठला कागद कधी काढायचा

बदलीची ऑर्डर हातात पडली की आधी पॅकर्सना फोन जातो, मग शाळेचा दाखला, मग गॅस. मांजर आठवतं ते शेवटच्या आठवड्यात. आमची मनी दाराची बेल वाजली तरी फ्रिजमागे जाते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली. तसंच करा, कारण कागद दोन दिवसांत निघतात, पण मांजर न्यायच्या बास्केटची त्याला सवय व्हायला तीन-चार आठवडे जातात. बास्केट उघडी ठेवून रोजचं खाणं आत द्यायला लागा. वरूनही उघडणारी घेतलीत तर डॉक्टरकडे मांजराला ओढून काढावं लागत नाही.

कुठलं मांजर नेता येतं? 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळं प्रकरण आहे. रेल्वे, रस्ता, विमान, कशानेही न्या, पशुवैद्याचा दाखला लागतो. प्राणी प्रवासाला योग्य आहे आणि रेबीजसह कुठल्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं त्याच्यात नाहीत, हे त्यात लिहिलेलं हवं. दिवस भरत आलेली गाभण मांजरी नेता येत नाही. निघण्याआधी खाणं-पाणी द्यायचं, वाटेत उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि थंडीत दर सहा तासांनी पाणी, मोठ्या मांजराला बारा तासांतून एकदा अन्न, असंही नियमच सांगतो. घाबरलेलं मांजर वाटीकडे ढुंकूनही बघत नाही, ती गोष्ट वेगळी. वाटी पुढे ठेवायची.

कागद मोजकेच आहेत. लसीकरणाची वही (रेबीजची लस चालू मुदतीतली हवी), हा फिटनेसचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि तिकीट. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. अडतं ते दाखल्यावर. मला एका दवाखान्यात लेटरहेडवर दोन ओळी खरडून मिळाल्या, त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकच नव्हता, आणि पार्सल ऑफिसच्या खिडकीवरून परत यावं लागलं. मांजराचा रंग, वय, नर की मादी, मालकाचं नाव, तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे दवाखान्यातच, उभ्या उभ्या तपासा. दाखला आदल्या दिवशीचा घ्या. पंधरा दिवसांपूर्वीचा दाखवलात तर हुज्जत ठरलेली. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करतं, पण तिथे गर्दी असते. भित्र्या मांजरासाठी घराजवळचा, ओळखीचा डॉक्टर बरा.

त्याच भेटीत औषधाचंही विचारून घ्या. डॉक्टर बहुधा भीती कमी करणारं गॅबापेंटिन सुचवतात. प्रवासाच्या आधी घरी एकदा देऊन बघायचं, म्हणजे किती गुंगी येते ते कळतं. माणसांची झोपेची गोळी कधीही नाही.

रेल्वेत सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीच, आणि तिथेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची अख्खी केबिन आपल्या नावावर हवी. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. गोम अशी की कूपे ऑनलाइन निवडता येत नाही. कूपेच्या दोन्ही बर्थची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा आणि पाळीव प्राणी सोबत असल्याने कूपे मिळावा असा अर्ज रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे आधीच द्या. मध्य रेल्वेचं मुख्यालय सीएसएमटीला, पश्चिम रेल्वेचं चर्चगेटला. गाडी ज्यांची, अर्ज त्यांच्याकडे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं, आणि तोवर जीव टांगणीला. मिळाला की गाडीच्या दोन-तीन तास आधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मांजर आणि कागद घेऊन जायचं, वजनाप्रमाणे पैसे भरायचे, पावती घ्यायची. पावतीशिवाय सापडलात तर दंड जबर आहे. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्ड आणि सामानाच्या डब्यात, डॉग बॉक्स असतो, पण घाबरट मांजराला त्या खडखडाटात एकटं ठेवणं मला तरी पटत नाही.

विमानाचं थोडक्यात. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. एअर इंडिया घेते, आकासा नोव्हेंबर 2022 पासून घेते. केबिनमधली मर्यादा मांजर आणि बास्केट यांच्या एकत्रित वजनावर असते आणि एका फ्लाइटमध्ये मोजकेच प्राणी घेतात, म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. गुंगीत असलेलं मांजर विमान कंपन्या नाकारू शकतात, तेव्हा औषधाचं त्यांनाही सांगून ठेवा. सुरक्षा तपासणीत मांजर बाहेर काढून रिकामी बास्केट मशीनमधून जाते. घरूनच मांजराला हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) घालून निघा आणि बंद खोलीत तपासणी कराल का, असं तिथल्या जवानांना विचारा. टर्मिनलमध्ये सुटलेलं मांजर कुठलाही कागद दाखवून परत मिळत नाही.

बास्केटवर जुनी, घरचा वास असलेली चादर टाका. पावती स्टेशनबाहेर पडेपर्यंत हाताशी असू द्या. नव्या घरी पोचल्यावर बास्केट हॉलमध्ये उघडू नका. एका छोट्या खोलीचं दार-खिडकी लावून तिथे उघडा. मनी दीड दिवस तिथल्या कपाटाखाली होती.